सगळ्यांचा डावाच खांदा

मंचर,
९ जानेवारी २०२५

ती. नाना,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू जात नाही, आणि मी ओरडले की तुमच्याआधी शेजारच्या गेणभाऊंना माझ्या घरातलं सगळं कळतं. म्हणून पत्र. भगवंताच्या दुधाच्या गाडीतून पाठवते आहे. सकाळी तो आमच्या हॉस्पिटलच्या दारावरूनच जातो, उत्तरही त्याच्याकडेच द्या.

घरी ठीक. संस्कृतीची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे, सुनीलना चाकणला दुहेरी पाळी आहे आणि आमच्याकडे दोन सिस्टर सुट्टीवर आहेत. त्यामुळे दिवाळीनंतर माहेरी पाय टाकता आलेला नाही. रागावू नका. रागावायचं तर आधी पुढचं वाचा.

मी अपघात विभागात बसते. तिथे आधी जखम दिसते आणि मग खोटं ऐकू येतं. लायसन नसतं म्हणून माणूस सांगतो, जिन्यावरून पडलो. त्याच्या गुडघ्यात डांबर रुतलेलं असतं. नाना, कुठल्या जिन्याला डांबर असतं? पण विचारलं की सोबतचे चार जण अंगावर येतात, "ताई, पोलिसांचं लफडं नको, पडला म्हणून लिवा." आणि आम्ही लिहितो.

पण दिवाळीनंतर एक वेगळंच चाललंय. काल मी वही घेऊन बसले आणि मोजलं. सतरा जण. सतराही मोटारसायकलवाले आणि सतराही डावीकडे पडलेले. डावी कॉलरबोन, डावा गुडघा, डाव्या हाताचा तळवा सोललेला. वेळ सकाळी साडेसहा ते आठ, नाहीतर संध्याकाळी पाच ते सहा. दुपारी एकही नाही. कारण विचारलं की सगळे एकच सांगतात, "वाघ आडवा आला." अंगावर नखाचा एक ओरखडा नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या माहेरचा बिबट्या हजेरी लावून कामाला येतो वाटतं. मधे जेवणाची सुट्टी पण घेतो."

ते हसले, मला हसू येत नाही. वहीत 'अपघाताचे ठिकाण' असा रकाना आहे. त्यात कुणी सांगतं येडगावच्या अलीकडे, कुणी वारूळवाडीच्या पुढे, कुणी चारीजवळ, कुणी "त्या वडापाशी". पुढच्या महिन्यात तालुक्याला रस्ता सुरक्षेची बैठक आहे. एकाच जागी इतके अपघात असं कागदावर दिसलं, तर ती जागा यादीत येते, मग गतिरोधक, आरसा, फलक असं काहीतरी होतं. सतरा ठिकाणी एकेक माणूस पडला तर कोण विचारतो?

आतापर्यंत मोडक्या हाडांवर आणि टाक्यांवर निभावलं आहे. एखाद्याचा जीव जायच्या आत मला ही जागा सापडायला हवी. तुम्ही एकतीस वर्षं एसटी चालवलीत. जरा बघून सांगा, ही माणसं नेमकी कुठे पडतात?

तुमची,
साधना

---

येडगाव,
१२ जानेवारी

चि. साधना हिला नानाचे आशीर्वाद.

भगवंताने तुझं पत्र दुधाच्या किटलीखाली ठेवून आणलं. निम्मी शाई दुधात गेली, राग तेवढा कोरडा राहिला.

तुझा डॉक्टर पुण्याचा दिसतो. त्याला म्हणावं, एक रात्र आमच्या ओट्यावर झोपून दाखव. गेणभाऊच्या दोन शेळ्या गेल्या, त्या काय जिन्यावरून पडल्या? चारीच्या कडेला मी स्वतः पाऊल बघितलंय, माझ्या पंजाएवढं. पिंजऱ्याचा अर्ज केलाय. पन्नास सह्या आहेत, त्यात पहिली माझी. एसटीतला माणूस म्हणून गाव मला मानतं, मी सांगितल्यावर कुणी मागे राहिलं नाही.

ठिकाण विचारतेस, तर ते सगळं एकच आहे. चारीजवळ म्हण, वडापाशी म्हण, वारूळवाडीच्या पुढे म्हण, आपल्या गाईंच्या हत्तीघासाच्या कोपऱ्यावरचं वळण. वारूळवाडीकडून येताना रस्ता डावीकडे वळतो आणि तिथेच कालव्याच्या चारीची वाट येऊन मिळते. ट्रॅक्टर चिखल घेऊन डांबरावर चढतात, त्याची माती पसरलेली असते. पण मी सांगतो, मातीने माणूस पडत नाही, माणूस पडतो बेशिस्तीने. एका हाताने गाडी, दुसऱ्या हातात मोबाइल. एकतीस वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडी आली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून देव्हाऱ्यात आहे, तुझ्या आईने ठेवलाय तिथेच.

आणि तुझ्याकडे येणाऱ्यांना जरा विचार, आधी कुणी उचललं? दरवेळी मीच पहिला पोचतो. घासातून बाहेर येतो तोवर गडी पडलेला असतो. पाणी पाजतो, गाडी थांबवतो, तुझ्याकडे धाडतो. परवा एकाने पाय धरले माझे.

बाकी बरं आहे. दोन्ही गाई दूध चांगलं देतात. घास यंदा दोन पुरुष उंच झालाय. गुडघे दुखतात म्हणून मी गोठ्याकडून कापत येतो, रस्त्याकडच्या ओळी तशाच ठेवल्यात, आपोआप कुंपण झालं. संस्कृतीला म्हणावं, अभ्यास कर, मोबाइल कमी बघ.

नाना

---

मंचर,
२० जानेवारी

ती. नाना,

आकडा आता एकवीस झाला.

जागा एकच, हे तुम्ही एका ओळीत सांगितलंत. मी आठ दिवस एकेकाला विचारत होते, "भाऊ, नक्की कुठं?" आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचं झाड सांगत होता. आता मी प्रत्येक नावापुढे 'घासाचे वळण' असं पेन्सिलीने लिहून ठेवते आहे.

पण तुमच्या पत्रातून मला दुसरंच दिसलं. रस्ता डावीकडे वळतो, म्हणजे गाडी डावीकडे कललेली असते. त्यात कुणी ब्रेक दाबला आणि खाली माती असली की चाक निसटतं आणि माणूस डाव्या खांद्यावर येतो. एकवीस डावे खांदे इथेच जुळतात. वाघाने धडक दिली असती तर निम्मे तरी उजवीकडे पडले असते. ही माणसं ब्रेक दाबून पडतात, नाना. प्रश्न एवढाच, की काय बघून दाबतात?

वळणाच्या आतल्या बाजूला आपला घास. दिवाळीत मी आले तेव्हा तो गुडघ्याएवढा होता, चारीची वाट लांबून दिसत होती. आता दोन पुरुष उंच आहे म्हणता. पलीकडचं काही दिसत नसणार. रस्त्याकडच्या तीन-चार ओळी आधी कापता आल्या तर बघा ना. गुडघ्यांचं म्हणाल तर दोन दिवस मजूर लावा, मी पैसे पाठवते.

साधना

---

येडगाव,
२३ जानेवारी

चि. साधनास आशीर्वाद.

मजूर लावायचा आणि लेकीने पैसे द्यायचे, एवढा मी अजून थकलो नाही.

तो घास तुझ्या आईने लावलाय. येणेऱ्याहून डोक्यावर ठोंब आणले होते तिने. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तिच्या हातचं तेवढंच वाढतंय. रस्त्याकडची बाजू मोकळी केली तर शेळ्या शिरतील आणि वाघाला सरळ गोठा दिसेल. तू हाडं बघ, रस्त्याचं मला कळतं.

पिंजरा आला. काल वनखात्याच्या लोकांनी चारीच्या वाटेला लावला. गावाने नारळ फोडला, माझ्या हातून. आता बघ तुझा आकडा कसा थांबतो.

नाना

---

मंचर,
५ फेब्रुवारी

ती. नाना,

थांबला नाही.

काल सकाळी सव्वासातला तुम्ही ज्या बाईला भगवंताच्या गाडीत घालून पाठवलंत, ती अंबाबाई. तळेघरच्या वरच्या वाडीची. भात-नाचणीचं आटोपलं की ही माणसं आपल्याकडे कांद्याच्या कामाला उतरतात. एका गाडीवर तिघं, पुढे तिचा भाऊ चिमाजी, मधे साळुबाई, मागे ही. लुगडं नेसलेली बाई एका अंगाने बसते, दोन्ही पाय डावीकडे, धरायला काही नाही. गाडी निसटली की पुरुष खांद्यावर पडतो आणि बाई उताणी डोक्यावर. माझ्या वहीत हेही आहे, नाना. तीन महिन्यांत मागे बसलेल्या चार बायका आल्या, चौघींच्या डोक्याला मागून मार. आधीच्या तिघी टाक्यांवर सुटल्या.

अंबाबाई सुटली नाही. कवटीला तडा, डाव्या कानातून रक्त. पुण्याला पाठवायला ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दीड तास ती माझ्यासमोर होती. सारखी उठून बसायची आणि एकच बोलायची, "घासात म्हातारा... म्हातारा हाय घासात." चिमाजी म्हणाला, तिचा सासरा गेल्या वर्षी डोंगरात गवत कापताना गेला, तोच दिसतोय तिला. साळुबाई नवस बोलायला लागली. डोक्याला मार लागला की माणूस असं बोलतं. मी केसपेपरवर 'असंबद्ध बोलते' असं लिहिलं. कारण चिमाजीने सांगितलं तेच लिहिलं, वाघ.

तिला लहान नातू आहे. तिचा हात सोडवून घेताना मला काय झालं ते लिहीत नाही.

तुम्ही तिथे होतात. पहिले पोचलात. तुम्ही काय पाहिलंत ते मला लिहा. वाघ पाहिलात का? खरंच पाहिलात का? बैठक चौदा तारखेला आहे.

साधना

---

मंचर,
१९ फेब्रुवारी

ती. नाना,

पत्र नाही. भगवंताला रोज विचारते, तो म्हणतो, "नाना काय देईनात, ताई. बोलत बी न्हाईत." बरं नाही का? घासावरून रागावला आहात का? तसं असेल तर रागवा, पण लिहा.

अंबाबाई वाचली. डावा कान गेला. उठून उभी राहिली की भोवळ येते, डॉक्टर म्हणतात ही भोवळ जाईल किंवा राहील. डोंगरउतारावर राहणाऱ्या बाईला हे सांगायचं.

बैठक झाली. चोवीस नावांची यादी नेली होती, वेळ, बाजू, हाड, सगळं मांडून. मला बोलायला चार मिनिटं मिळाली. एक साहेब म्हणाले, पोलिसांकडे त्या वळणावर एकाही अपघाताची नोंद नाही. नसणारच, लफडं नको म्हणून पोलिसांकडे कुणी जातच नाही! दुसरे म्हणाले, "मॅडम, तुमच्याच वहीत कारण बिबट्या लिहिलंय. बिबट्या हा रस्त्याचा दोष धरता येत नाही, विषय वनखात्याकडे वर्ग करू." माझंच अक्षर माझ्यासमोर धरलं, नाना.

वर्ग केला. मग चहा आला.

आणि आता गंमत ऐका. पाच फेब्रुवारीपासून घासाच्या वळणावरून एकही माणूस आमच्याकडे आलेला नाही. पंधरा दिवसांत एकही डावा खांदा नाही. बैठकीत हेही कुणीतरी सांगितलं, "बघा, पिंजऱ्याचा परिणाम." पिंजरा बावीस जानेवारीला बसला. त्यानंतर तेरा दिवस माणसं पडतच होती. मग पाच तारखेला असं काय झालं?

डोकं फुटायची वेळ आली आहे. लिहा काहीतरी.

साधना

---

येडगाव,
२ मार्च

चि. साधना,

तू विचारतेस पाच तारखेला काय झालं. पाच तारखेला तुझं पत्र आलं.

मी ते उभ्यानेच वाचलं. 'घासात म्हातारा' एवढ्यावर आलो आणि गोठ्याच्या दगडावर बसलो. त्या घासात म्हातारा एकच आहे, पोरी.

तुझ्या वेळा बघ. सकाळी साडेसहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सहा. हजेरी लावून येणारा वाघ. त्या माझ्या वैरण कापायच्या वेळा आहेत. गाईंपुढे वैरण टाकायची आणि भगवंताची गाडी यायच्या आत धारा काढायच्या. दुपारी मी झोपतो, म्हणून दुपारी वाघ नाही.

मी खाली बसून विळा चालवतो. मूठ धरून ओढली की शेंडे हलतात, आणि दोन पुरुष उंच घासाचे शेंडे वळणावरून येणाऱ्याला बरोबर समोर दिसतात. अंगावर माझा जुना खाकी स्वेटर. पानांच्या फटीतून पिवळं काहीतरी हललं की तो काय समजणार? गावभर वाघाची आवई, आणि ती पसरवणारा मीच, पहिली सही माझी. तो ब्रेक दाबतो, खाली चारीची माती. आणि मला गाडी ऐकू येत नाही, पडलेली पण ऐकू येत नाही. कंबर सरळ करायला बाहेर यायचो तेव्हा माणूस रस्त्यावर दिसायचा. मला वाटायचं, मी किती वेळेवर पोचतो. पाणी पाजायचो त्यांना. पाय धरू दिले मी एकाला.

त्या दिवशी ती गाडी वळणावर होती तेव्हा मी उभा राहिलो होतो. मला आठवतं. पानं सारून घासातून तोंड बाहेर काढलं आणि मागे बसलेल्या बाईची आणि माझी नजर एक झाली. मग ती दिसेनाशी झाली. मला त्या वेळी काहीच कळलं नाही. तुझ्या कागदावर कळलं.

पाच तारखेलाच कापायला घेतलं. सहा दिवस लागले, गुडघे सुजले. कापून भागलं नाही. तो पुन्हा वाढणार आणि मी पुन्हा लोभाने ठेवणार, हे मला माहीत आहे. म्हणून ठोंब खणून काढले. तुझ्या आईची क्षमा मागितली. आता गोठ्यातून वडापर्यंत रस्ता मोकळा दिसतो. एक गाय गेणभाऊला दिली.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर खरं झालं असतं. एक काम कर. तुझ्या वहीत कारणाचा रकाना आहे ना, त्यात जिथे जिथे वाघ आहे तिथे माझं नाव लिही. बिल्ला मी देव्हाऱ्यातून काढून ठेवलाय.

नाना

---

मंचर,
५ मार्च

ती. नाना,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, नंतर इतका संताप आला की ताट तसंच ठेवून उठले.

तुम्हाला माफ करायचा हक्क माझा नाही, तो तळेघरला आहे. पण वीस जानेवारीला मी घासाचं विचारलं होतं. तुम्ही आईचं नाव काढलंत आणि मी गप्प बसले. तुमचा रुसवा नको म्हणून गप्प बसले. मंचरहून येडगाव काही विलायतेत नाही. एक दिवस रजा टाकून त्या वळणावर उभी राहिले असते, तर सकाळी सातला मला माझा बाप घासात दिसला असता. मी वह्या मोजत बसले. याची चीड तुमच्यापेक्षा जास्त माझी मला येते.

आणि आता कुणाला सांगू? काल वनखात्याकडून उत्तर आलं, वळणावर दुसरा पिंजरा मंजूर. पहिला यशस्वी झाला म्हणून!

घास कापलात ते बरं केलंत. गुडघ्यांना मलम पाठवते आहे. रोज दोन वेळा लावा, हट्ट करू नका.

साधना

---

येडगाव,
२४ मार्च

चि. साधना,

मलम लावतो.

दुसरा पिंजरा बसवायला माणसं आली तेव्हा ग्रामसभा भरली. माझा सत्कार ठेवला होता, शाल-नारळ. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. घास, स्वेटर, वेळा, सगळं. सभा हसली. गेणभाऊ म्हणाला, "नाना, तुमी देवमाणूस. सोताच्या अंगावर घेताय राव." मी म्हणालो, अरे, देवमाणूस नाही, मीच तो वाघ! तर आणखी हसले. शाल बळेच खांद्यावर टाकली. दुसरा पिंजरा वडाखाली बसलाय. त्यात परवा गेणभाऊचं कुत्रं सापडलं.

मग मी तळेघरला गेलो. भीमाशंकरच्या गाडीने, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. डिंभ्याच्या पुढचा घाट त्या पोराने बरा काढला. फाट्यापासून तासभर चढ आहे. दोनदा बसलो.

अंबाबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती, बसूनच. उठायला गेली तर भिंत धरली. तिच्या उजव्या बाजूला बसलो. मला दोन्ही कानांनी कमी, तिला एका कानाने, म्हणून आम्ही दोघं मोठ्याने बोललो. सगळी वाडी गोळा झाली. बरंच झालं. मी सांगितलं, बाई, त्या घासात मी होतो. वाघ नव्हता.

ती म्हणाली, "मला ठावं व्हतं, बाबा. वाघ कवा डोस्क्याला पंचा बांधतुय व्हय? म्यां दवाखान्यात सारखं सांगत व्हते, घासात म्हातारा हाय, म्हातारा हाय. त्याला कुनीतरी सांगा, न्हाईतर आनखी पडत्याल. कुनी आयकलंच न्हाई. समदी म्हनली, हिच्या डोस्क्यात बिघाड झालाय."

मग तीच पुढे म्हणाली, "ती सिस्टर लई मायाळू व्हती. माजा हात धरून बसली व्हती. पर तिनं बी न्हाई आयकलं."

मी सांगितलं, ती माझी लेक. लपवलं नाही. तिने सूप खाली ठेवलं आणि सुनेला म्हणाली, पाहुण्यांना भाकर वाढ. मी जेवलो. नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

येत्या आषाढात तिला भात लावायला वाकता येणार नाही. मीही वाकू शकत नाही. पण त्यांच्या लावणीला गेणभाऊचा गोकुळ आणि दोन गडी घेऊन जाणार आहे, आणि मी बांधावर उभा राहून शिव्या खाणार आहे. कुणी हसलं तरी चालेल.

तू माझं नाव वहीत लिहिलंस का, ते कळव.

नाना

---

मंचर,
२७ मार्च

ती. नाना,

नाही लिहिलं. आमच्या कागदांवर खाडाखोड चालत नाही. जुनं तसंच राहतं. काही चुकलं असेल तर खाली त्या दिवसाची तारीख घालून लिहायचं आणि सही करायची, एवढीच मुभा आहे. चोवीस ठिकाणी तुमचं नाव लिहून ज्याचं त्याला हाड परत मिळत नाही. त्यापेक्षा मी नवी यादी केली. ठिकाण एकच, बाजू एकच, कारण 'वळणावर आड येणारा घास, रस्त्यावरची माती'. तालुक्याला पाठवली. उत्तर नाही, येणारही नाही बहुतेक. मे महिन्यात पुन्हा पाठवीन, जूनमध्ये पुन्हा. दुसऱ्या एका वळणावरून उजव्या घोट्याची माणसं यायला लागली आहेत. रविवारी मी स्वतः जाऊन उभी राहणार आहे.

पण आज दुपारी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन एक केसपेपर काढून घेतला. चार फेब्रुवारीचा. माझ्याच अक्षरात आहे, 'असंबद्ध बोलते'. तीन तासांनी ड्युटी संपली, तरी तो माझ्या हातातच होता. मग त्याच्या खाली आजची तारीख घातली आणि लिहिलं:

'रुग्ण शुद्धीवर होती. खरं सांगत होती. मी ऐकलं नाही.'

आणि सही केली.

तुमची,
साधना